देवबागच्या खाडीत एका पायावर चालणारं मशीन: दुरुस्तीच्या नोंदी

मशीन: होडीच्या मागे लावायचं इंजिन (आउटबोर्ड), १५ हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, एक कार्बोरेटर, दोरी ओढून चालू करायचं. वय अकरा वर्षं. होडी फायबरची, अठरा फुटी. मी राहतो कुडाळला, होडी असते देवबागला चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या अंगणात, त्यामुळे काम होतं ते बहुतेक रविवारी. मी मेकॅनिक नाही. कुणाचं मशीन असंच खोकत असेल तर माझे वाया गेलेले पाच रविवार त्याचे वाचावेत, म्हणून हे लिहून ठेवतोय.

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

गौरी-गणपती पोचवून झाले, पावसाने उघडीप दिली, सकाळच्या भरतीला होडी कर्लीच्या पात्रात लोटली. मे महिन्यात वर ओढताना मशीन ठणठणीत होतं. आज सहाव्या दोरीला चालू झालं, पण आवाज फाटका. हळू ठेवलं की थरथरून बंद पडतं. अर्ध्या थ्रॉटलला झटके देतं, पूर्ण पिळलं तर होडीचं नाक नुसतं वर होतं, वेग येतच नाही. त्यात दहा मिनिटांनी पूर्ण बंद. वल्हं मारत परत आलो, दादा पुढे, मी मागे, दोघंही गप्प.

किनाऱ्यावर तात्या उभे होते. त्यांनी चाळीस वर्षं मासेमारी केली, आता पाय साथ देत नाहीत. लांबूनच म्हणाले, "एका पायार चलता मरे तां. दुसरो पाय खंय गेलो तो बघ."

हे वाक्य मी त्याच दिवशी मनावर घ्यायला हवं होतं.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघितला, तर अर्धा बंद. सापडलं म्हणून दोघांनी टाळी दिली. स्क्रू पूर्ण उघडून परत गेलो, दहा मिनिटांनी परत वल्हं.

दुपारी ठिणगी पाडणारे प्लग (स्पार्क प्लग) काढले. वरच्या सिलिंडरचा फिकट तपकिरी, कोरडा, जसा असावा तसा. खालचा काळा आणि पेट्रोलने ओला. दोघांची अदलाबदल केली. तरी खालीच ओला. मग दोन्ही नवे घातले (बी-७-एच-एस-१०, गॅप १ मिमी, दोन मिळून ३८० रुपये). फरक शून्य.

१५ सप्टेंबर, संध्याकाळ

मशीन निळ्या ड्रमात लावलं. दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम, पाणी पंख्याच्या (होडी ढकलणाऱ्या प्रोपेलरच्या) वरच्या आडव्या पट्टीच्याही वर येईल इतकं. त्याखाली पाणी गेलं तर मशीन थंड ठेवायला पाणी ओढणारा आतला रबरी इंपेलर कोरडा फिरतो आणि तो जळायला मिनिटही लागत नाही. आधी ड्रम पडवीत ठेवला होता. तिथे मशीन जास्तच अडखळायला लागलं, कारण स्वतःचाच धूर परत ओढत होतं. अंगणात आणल्यावर बरं झालं. यात अर्धा तास गेला.

मग चालू मशीनची एकेक प्लग-कॅप, म्हणजे वायरीच्या टोकाची प्लगवर बसणारी टोपी, उपटून बघितली. हिशोब सोपा: जी काढल्यावर फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. पण वरची काढली तर मशीन बंद, खालची काढली तरी बंद. म्हणजे दोन्ही सिलिंडर चालतायत, प्लगचा प्रश्न मिटला, असं वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

हे साफ चुकीचं होतं, का ते १३ ऑक्टोबरच्या नोंदीत आहे. शिवाय उघड्या वायरीने हाताला असा सणका बसला की रात्री जेवताना चमचा डाव्या हातात होता.

झोपण्याआधी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून ठेवलं.

१६ सप्टेंबर, सोमवार

बरणीत तळाला दोन बोटं वेगळा, गढूळ थर. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी फार झालं की दोघं मिळून तळाला बसतात. टाकीतली नळी ओढते ती तळातूनच. चार महिने कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी, दुसरं काय होणार? चौदा लिटर गेलं, साधारण दीड हजारांचं. दादाने ते मोटरसायकलमध्ये घालू म्हटलं, मी नको म्हटलं, यावर वाद. शेवटी गॅरेजवाल्याने सुटे भाग धुवायला नेलं.

टाकी धुऊन, दिवसभर उन्हात उलटी ठेवून नवं मिश्रण: १० लिटर पेट्रोलला २०० मिली तेल. तेल होड्यांच्या मशीनचं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. स्कूटरचं टू-टी चालतं म्हणणारे खूप भेटतील, पण ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं.

ड्रमात चालवलं तर बरंच गुळगुळीत. आनंदाने कुडाळला गेलो.

२२ सप्टेंबर

पाण्यात परत तेच. ड्रमात शहाणं, खाडीत वेडं.

आता कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. चार महिने पेट्रोल भरलेला राहिला म्हणजे आत राळ साचलेलीच असणार, आणि होतीही. फ्लोटच्या वाटीत हिरवट पिवळा चिकट थर, जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, त्यातला मेन जेट अर्धा बंद, पायलट जेटमधून उजेड दिसेना. साफ करणं गरजेचंच होतं, पण करताना तीन चुका केल्या.

पहिली: आयडलचा (हळू चालीचा) स्क्रू किती फेरे उघडा होता ते न मोजता काढला. आधी हलक्या हाताने तळाला टेकेपर्यंत आत फिरवून फेरे मोजायचे, लिहायचे, मग काढायचा.

दुसरी: पायलट जेट मोकळा करायला ब्रेकच्या केबलमधली एक तार घातली. जेट पितळेचा, तार पोलादाची. भोक मोकळं झालं, पण भिंगातून बघितलं तर कडेला ओरखडा. जेटचं भोक म्हणजे त्याचं मोजमाप, ते बिघडलं की जेट निकामी. तात्यांनी मागून तंगूस पुढे केली, गळाची बारीक नायलॉनची दोरी. मेन जेट तिनेच मोकळा केला. प्लास्टिक पितळेला ओरखडत नाही. तंगूस घरातल्या प्रत्येक खुंटीला लटकलेली असताना मी सायकलची केबल कापायला गेलो.

तिसरी: वाटीचं गॅस्केट ओढताना फाटलं.

मालवणात गॅस्केट मिळालं नाही. कार्बोरेटरचं कीट (गॅस्केट, निडल, पायलट जेट) ११५० रुपये, कुरियरचे १२० वेगळे, येणार आठ-दहा दिवसांनी. क्लीनरचा डबा ३८० चा.

२९ सप्टेंबर

कीट नाही. घरी म्हाळ, दादा सकाळपासून कामात. मी कुडाळच्या गॅरेजमधून मोटरसायकलचा कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मापक) मागून आणला होता, प्लगचा आटा १४ मिमीचा असल्याने बसतो. थ्रॉटल पूर्ण उघडून, किल स्विचची (मशीन बंद करायच्या बटणाची) क्लिप काढून, पाच वेळा दोरी: वर ११५, खाली ११२. इंजिन पोटातून ठीक आहे, हे कळलं. बिनखर्चाची तपासणी, जी मी पहिल्या दिवशी करायला हवी होती. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर बाकी सगळी खटपट फुकट होती.

जेवायला केळीचं पान होतं.

५ आणि ६ ऑक्टोबर

कीट आलं. कार्बोरेटर जोडला, आयडलचा स्क्रू अंदाजाने पावणेदोन फेऱ्यांवर ठेवला, मग मशीन गरम झाल्यावर पाव-पाव फेऱ्याने जुळवून घेतला. रविवारी दुपारच्या भरतीला पाण्यात.

हळू चाल आता सुधारली होती, पण थरथर कायम. आणि दहा मिनिटांनी बंद पडणं जसंच्या तसं. यावेळी मात्र एक अक्कल सुचली. मशीन मरायला लागलं तसा दादाला टाकीच्या नळीवरचा, हाताने पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा दाबायला सांगितला. मशीन जिवंत झालं. दाबणं थांबवलं, मिनिटभरात परत मान टाकली. परत दाबला, परत उठलं. म्हणजे बंद पडण्याचं कारण पेट्रोल पोचत नाही हे. दादा फुगा दाबत बसला आणि आम्ही तसेच परत आलो, गाईचं दूध काढत आल्यासारखे.

घरी फुगा आणि मशीन यांच्यामध्ये मत्स्यटाकीची पारदर्शक नळी हातभर जोडली. (फक्त तपासणीपुरती. पेट्रोलमध्ये ती कडक होते, कायम ठेवू नका.) चालू केलं, नळीतून बुडबुड्यांची माळ. टाकीपासून तिथपर्यंत कुठेतरी हवा शिरतेय. पेट्रोल बाहेर गळत नाही म्हणून नळी धड असं मी धरून चाललो होतो. पण मशीन पेट्रोल ओढत असतं, तेव्हा चिरेतून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फुग्याच्या मानेवर क्लिपने रबर कापलं होतं, क्लिप सरकवल्यावर चीर दिसली. जुनं रबर इथेनॉलनेही कडक झालं असणार. दोन्ही टोकांच्या कनेक्टरसकट पूर्ण नळी बदलायची ठरवली. १८०० रुपये.

रात्री वही चाळताना पहिल्या दिवसाच्या नोंदीवर अडकलो. वरचा प्लग कोरडा, खालचा ओला. पण या मशीनला कार्बोरेटर एकच! एकच बाई दोघांना वाढतेय, मग एकटाच उपाशी किंवा एकटाच अजीर्ण कसा? पेट्रोलचा, टाकीचा, नळीचा, कार्बोरेटरचा बिघाड असता तर दोन्ही प्लगवर दिसला असता. खालचा ओला याचा अर्थ तिथे पेट्रोल पोचतंय, पेटत नाहीये. तीन आठवडे मी दुसऱ्याच बिघाडाच्या मागे होतो. तो बिघाडही खरा होता, ही गंमत. बिघाड दोन होते आणि मी त्यांना एकच समजत होतो.

९ ऑक्टोबर, बुधवार

नवी नळी लावली. दादाने संध्याकाळी एकट्याने फेरी मारली, फोन आला: वीस मिनिटं चाललं, बंद पडलं नाही, पण झटके आहेत.

मालवणातल्या एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने झाकण उघडलं, दोन वेळा दोरी ओढली आणि सांगितलं, कॉइल (ठिणगीची वीज पुरवणारा भाग) गेली. कॉइल साडेचार हजार, त्याच्या फेरीचे ७००. मीटर लावला नाही, प्लग काढला नाही. कॉइल गेलीही असेल, पण या मशीनला कॉइल एकच असून तिच्यातून दोन्ही सिलिंडरच्या वायरी निघतात. कॉइल पूर्ण गेली असती तर वरचा प्लग इतका छान तपकिरी कसा? ७०० दिले, कॉइलचं नंतर सांगतो म्हटलं.

१२ ऑक्टोबर, दसरा

मशीनला झेंडूचा हार, हळद-कुंकू, आपट्याची पानं. शेजारी जाळी, कोयता, दादाची मोटरसायकल. सगळ्या अवजारांत न चालणारं हे एकटंच, पण हार त्यालाच सगळ्यात मोठा.

तात्यांना कॉइलचं सांगितलं. म्हणाले, "काळोख पडांदे, मगे चालू कर. उजेडात काय दिसाचा नाय."

परतीच्या पावसाने संध्याकाळ धुतली. उद्या.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी आधी १५ सप्टेंबरची कॅप उपटण्याची चूक सुधारली. दोन तोंडांच्या कॉइलमध्ये ठिणगीचा रस्ता एका प्लगमधून इंजिनात आणि तिथून दुसऱ्या प्लगमधून परत कॉइलमध्ये असा गोल असतो. एक वायर हवेत सोडली की तो गोल तुटतो आणि दुसऱ्या प्लगचीही ठिणगी जाऊ शकते. म्हणून कुठलीही काढली तरी मशीन बंद पडत होतं. शिवाय अशी वायर मोकळी ठेवणं कॉइललाही वाईट, हाताला तर आहेच. बरोबर पद्धत: मशीन बंद असताना कॅप काढायची, तिच्यात जुना प्लग खोचायचा, त्या प्लगचं लोखंड जाड वायरीने इंजिनाला घट्ट बांधायचं, प्लगच्या भोकात दुसरा जुना प्लग ठेवायचा, मग चालू करायचं. तसं केलं. वरची कॅप अशी बाजूला बांधल्यावर मशीन दोन झटके देऊन गेलं. खालची बांधली, तर चालत राहिलं, आवाजही जवळजवळ तोच. खालचा पाय मेलेला होता.

संध्याकाळी सात. अंगणातला दिवा बंद, टाकी नळी पुरेल तितकी लांब, झाकण उघडं, बाजूला वाळूची बादली. (ठिणगी शोधतोय आणि पेट्रोल उघडं, हे ध्यानात ठेवून करा. आधी सगळं पुसून, वास जाईपर्यंत थांबा.) ड्रमात चालू केलं. काही दिसेना. तात्या पायरीवर बसून होते, म्हणाले पाणी मार. वहिनीची इस्त्रीची फवारणीची बाटली आणली, लांबून कॅपांवर बारीक फवारा दिला.

खालच्या कॅपच्या कडेवरून निळी, केसाएवढी बारीक रेघ निघाली आणि इंजिनाच्या धातूवर सरपटत गेली. टिक, टिक, टिक, प्रत्येक टिकेला रेघेची जागा किंचित वेगळी. वरच्या कॅपवर काळोखच. मशीन लगेच अडखळायला लागलं, अगदी खाडीत अडखळतं तसं. दादा म्हणाला, "तां बघ, तां बघ", जणू खाजणात काजवे दिसलेत.

ड्रमात शहाणं, खाडीत वेडं का, तेही तेव्हा उलगडलं. ड्रमात मशीनवर जोर नसतो. पाण्यात होडी ढकलताना थ्रॉटल उघडलं की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाबाखाली प्लगच्या फटीतून उडी मारणं ठिणगीला जड जातं. तिला बाहेरून चिरेतली सोपी वाट मिळाली की ती तिथूनच जाते. वर खाऱ्या पाण्याचे तुषार, म्हणजे वाट आणखी सोपी.

१४ ऑक्टोबर

अर्धी रजा टाकली. खालची कॅप पिळून काढली, ती स्क्रूसारखी आट्यावर असते. रबराखाली नखाएवढी चीर. वायरीच्या टोकाची तांब्याची तार हिरवी, भुगा झालेली. मीटर लावला: वरची कॅप ५ किलोओहम, जितकी हवी तितकी. खालची कधी २३, कधी ३०, हाताने वाकवली की काहीच नाही.

कुडाळात दुचाकीच्या दुकानात तशाच ५ किलोओहमच्या कॅपा मिळाल्या, १७० रुपयांना एक. दोन्ही बदलल्या. वायरीचं टोक सेंटिमीटरभर कापलं, चकचकीत तांबं दिसेपर्यंत, मग कॅप सरळ धरून पिळली, म्हणजे आतला स्क्रू तारेच्या मधोमध शिरतो. वाकडा शिरला तर तो रबरात जातो आणि परत पहिले पाढे. वरून रबरी टोपी, आत सिलिकॉन ग्रीसचा बोटभर लेप. वायर आखूड असेल तर कापताना जपून, माझ्याकडे दोन बोटं जास्त होती.

दुसऱ्या दोरीला चालू. रात्री परत फवारा मारून बघितलं, काळोख.

२० ऑक्टोबर, रविवार

दुपारची भरती, वारा थोडा. देवबागहून संगमापर्यंत, तिथून पलीकडच्या भोगव्याच्या बाजूने वर, परत. पन्नास मिनिटं. हळू चालीत टकटक एकसारखी, अर्ध्यावर झटका नाही, पूर्ण पिळल्यावर होडी पाण्यावर चढली. दादाने तीनदा थ्रॉटल मुद्दाम झटकन उघडला, मशीन काही बोललं नाही. मशीन थंड ठेवून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार शेवटपर्यंत जोरात. वर आल्यावर प्लग काढले: दोन्ही कोरडे, दोन्ही तपकिरी, खालचा थोडा गडद.

खर्च: प्लग ३८०, क्लीनर ३८०, कीट कुरियरसह १२७०, नळी १८००, मेकॅनिक ७००, कॅपा ३४०. बेरीज ४८७०, फेकलेलं पेट्रोल आणि कुडाळ-देवबाग फेऱ्या सोडून. कार्बोरेटर आणि नळी व्हायलाच हवी होती, त्याचं दुःख नाही. पण खालचा प्लग ओला दिसला त्याच दिवशी १७० रुपयांची कॅप वरच्याशी अदलून बघितली असती, तर खाडीतले झटके गणपतीच्या मखराची फुलं सुकायच्या आत गेले असते.

तात्यांना बांगडे नेऊन दिले. त्यांनी विचारलं, पंख्याकडचं तेल बघितलं का? नव्हतं बघितलं. गियरचा खालचा स्क्रू सैल केला. तपकिरी तेल यायला हवं, आलं ते चहात दूध पडल्यासारखं. पंख्याच्या दांड्याचं सील पाणी आत सोडतंय. तेल सगळं काढून नवं भरलं, २५० मिली, खालच्या भोकातून वर दाबत, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. सीलचं काम पुढच्या रविवारी. पंख्याच्या मागे दांड्यावर तंगूसचे चार वेढे अडकलेले सापडले, सील बहुधा त्यांनीच कापलं. तंगूस आमचीच, रंगावरून ओळखली.